संगीत सुखद वाटतं, खाली माझी सही

आधीच सांगून टाकते, माझं गाण्याशी वैर नाही. माझं वैर आहे ते न विचारता दिवसभर डोक्यावर ओतल्या जाणाऱ्या गाण्याशी. हे कुणाला सांगितलं की लोक हसतात. अगं, दुकानात थोडं म्युझिक असतं, त्यात एवढं काय, म्हणतात. असं म्हणणारी माणसं दुकानात पंधरा-वीस मिनिटं असतात. उशीचा अभ्रा घेतात, मेणबत्ती हुंगून परत ठेवतात आणि निघून जातात. त्यांना आठ तास तिथे उभं करा आणि मग विचारा, त्यात एवढं काय.

आम्ही जर्मनीत एश्बॉर्नला राहतो. नवरा एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, मुलगी बारा वर्षांची. पुण्यात मी अकरा वर्षं शाळेत गणित शिकवलं. इथे आल्यावर माझ्या बी.एड.ला कुणी हिंग लावून विचारेना. आधी भाषा शिकले, मग मुलगी लहान म्हणून घरी राहिले, आणि एक दिवस लक्षात आलं की अख्ख्या आठवड्यात मी घरच्यांखेरीज फक्त पार्सलवाल्याशी बोललेय. तेव्हा म्हटलं, आता पुरे. एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, चार स्टेशनं पलीकडच्या मॉलमध्ये घरसजावटीच्या दुकानात जागा निघाली होती. उशा, मेणबत्त्या, कप, फुलदाण्या, खोटी झाडं. अर्ज केला आणि मिळाली. पहिले सहा महिने प्रोबेत्साइट, म्हणजे पारखून घ्यायचा काळ. तेवढ्यात तुम्ही पसंत पडला नाहीत तर कारण न सांगता काढून टाकता येतं. नवऱ्याने मला हे तीनदा समजावलं. सहा महिने जरा नीट राहा, म्हणाला, जशी काही एरवी मी दगडफेक करत हिंडते.

पहिल्या सकाळी दुकान छान वाटलं, गाण्यासकट. दुपारी तेच गाणं तिसऱ्यांदा आलं तेव्हा मान वर करून छताकडे पाहिलं. छतात सहा स्पीकर होते आणि त्यातला एक बरोब्बर गल्ल्याच्या वर. शिक्षकी सवय, घड्याळ लावून पाहिलं. सव्वादोन तासांनी यादी संपायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. मध्येमध्ये एक बाई हसऱ्या आवाजात सांगायची की लाडक्या ग्राहकांनो, आमच्या व्हॅनिलाच्या मेणबत्त्यांनी घर कसं ऊबदार होतं. दिवसातून किती वेळा ते मी मोजणं सोडून दिलं. ती बाई कधी समोर आली तर तिला काय सांगायचं ते मात्र मी जर्मनमध्ये पाठ करून ठेवलंय.

आणि हे गाणं ग्राहकांसाठी असतं म्हणे. दुकान साडेनऊला उघडायचं, आम्ही आठला यायचो. दिवे लागले की गाणं लागायचं. दीड तास दुकानात आमच्याशिवाय कुत्रं नसायचं. आम्ही धूळ पुसायचो, खोकी फोडायचो, कप मांडायचो, आणि वर ते ठणाणा चालू. कुणासाठी? उशांसाठी? मागच्या खोलीत लोखंडी कपाटात गाणं वाजवणारा डबा होता आणि कपाटाची किल्ली शेफकडे. इथे साहेबाला शेफ म्हणतात, त्याला साधा चहासुद्धा करता यायची गरज नसते. तो म्हणायचा, किल्लीने काही होत नाही, सगळं मुख्य कार्यालयातून चालतं, तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही. त्याच्या स्वतःच्या खोलीत स्पीकर नव्हता. दारही चांगलं जाड होतं. ते तांत्रिकदृष्ट्या कसं शक्य झालं हे मी कधी विचारलं नाही, कारण माझी प्रोबेत्साइट चालू होती.

सगळ्यात जास्त संताप कशाचा यायचा सांगू? मला जर्मन येत होतं. चांगलं येत होतं. घसा कोरडा पडेपर्यंत शिकले होते. पण डोक्यावर ढोल वाजत असताना एखादी आजी पुटपुटत काही विचारायची आणि मला निम्मे शब्द ऐकूच यायचे नाहीत. मी म्हणायचे, काय म्हणालात? ती पुन्हा पुटपुटायची. मी पुन्हा, काय म्हणालात? मग तिच्या चेहऱ्यावर ते यायचं. परदेशी आहे बिचारी. मग ती एकेक शब्द सुटा करून, हातवारे करत, तान्ह्या बाळाशी बोलावं तसं बोलायची. कुणी सरळ इंग्रजीवर उतरायचं. मला भाषा येत होती हो. मला ऐकू येत नव्हतं. हे प्रत्येकाला कुठे सांगत बसू?

घरीही त्याची झळ लागली. मी मोठ्याने बोलायला लागले होते आणि मला ते कळत नव्हतं. मुलगी मराठी समजते पण उत्तर जर्मनमध्ये देते. ती कानावर हात ठेवून म्हणायची, मामा, ओरडू नकोस. इथे आईला मामा म्हणतात. मी ओरडत नाहीये, असं मी ओरडून सांगायचे. ती शाळेत बासरी शिकते, आपली आडवी नव्हे, ती जर्मन, लाकडाची सरळ. एका संध्याकाळी ती सराव करायला बसली आणि मी तिच्या हातातून बासरी काढून घेतली. पोर माझ्याकडे बघतच राहिली. दुसऱ्या दिवसापासून ती बाथरूममध्ये दार लावून वाजवायला लागली. मला लाज वाटली, पण त्या लाजेपेक्षा ते दार लागल्याचं समाधान मोठं होतं, हेही खरं.

आणि माझं गुणगुणणं गेलं. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना मी आयुष्यभर काहीतरी गुणगुणत आलेय. आता तोंड उघडलं की त्या सव्वादोन तासांतलंच काही बाहेर पडायचं. एकदा तर कणीक मळताना मी त्या मेणबत्तीवालीचं वाक्य म्हणत होते. नवऱ्याने ऐकलं आणि हसला. त्याच दिवशी त्याच्या ऑफिसातली गंमत त्याने सांगितली होती. कुणाच्या तरी कीबोर्डचा आवाज होतो म्हणून तक्रार आली होती आणि कंपनीने सगळ्यांना आवाज बंद करणारे भारीतले हेडफोन दिले होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच्या कानाला कीबोर्ड टोचतो आणि माझ्या कानांना काय गेंड्याची कातडी आहे? तसं म्हटलं तर म्हणाला, अगं सहा महिने काढ, मग बघू. पोळ्या करपल्या त्या दिवशी.

दुकानात माझ्याबरोबर जी मुख्य विक्रेती होती, तिला मी मनात बाई म्हणायचे. जी शिकवते तिला आपण बाईच म्हणतो, आणि मला सगळं त्यांनीच शिकवलं होतं. काचेचा कप कागदात कसा दोन वळशांत बसवायचा, कुठले बूट घालायचे म्हणजे संध्याकाळी टाचा बोलत नाहीत, कामाचे तास रोजच्या रोज आपल्या वहीत का लिहायचे. साठी ओलांडलेल्या होत्या, बावीस वर्षं त्या दुकानात. तीनेक वर्षांपासून त्यांचे कान वाजत होते. टिनिटुस. दिवसभर एक बारीक शिट्टी, कानाच्या आत. घरी शांततेत ती सहन होते, म्हणायच्या, पण गल्ल्यावरच्या स्पीकरखाली दोन तास उभं राहिलं की ती अशी चढते की गिऱ्हाइकाने काय मागितलं तेच विसरायला होतं. डॉक्टरने चिठ्ठी दिली होती की यांना आवाज कमी हवा. पेन्शनला एकोणीस महिने उरले होते. ते त्यांना तिथेच, त्याच दुकानात पुरे करायचे होते. डबा खाताना मला म्हणाल्या होत्या की बावीस वर्षं मी हे दार उघडलंय, शेवटच्या दिवशी मीच ते बंद करून घरी जाणार.

त्यासाठी त्यांनी काय मागितलं? फार नाही. दुकान उघडायच्या आधी गाणं बंद, आणि गल्ल्यावरचा तेवढा एक स्पीकर हळू. बस्स. गाणं बंद करा असं त्या म्हणाल्याच नाहीत. लेखी अर्ज दिला, सोबत डॉक्टरची चिठ्ठी जोडली. मोठ्या कंपन्यांत कामगारांचं मंडळ असतं, आमच्याकडे तसं काही नव्हतं. शेफ म्हणाला, एकट्या तुमच्यासाठी मला मुख्य कार्यालयाशी भांडता येणार नाही, बाकीच्यांनाही त्रास होत असेल तर तसं लिहून पाठवतो. महिन्याच्या बैठकीत विचारू.

ती बैठक दुकान उघडायच्या आधी झाली, ताटल्या मांडलेल्या टेबलाभोवती उभ्याने. आणि वर गाणं चालू. गाण्याचा त्रास होतो का, हे आम्ही गाण्यावर आवाज चढवून बोलत होतो आणि कुणाला हसूसुद्धा आलं नाही. शेफ लॅपटॉपवर प्रोटोकोल लिहीत होता. इथे बैठकीत कोण काय म्हणालं ते लिहून काढतात, त्याला प्रोटोकोल म्हणतात, आणि एकदा लिहिलं की ती काळ्या दगडावरची रेघ. अर्धवेळ काम करणाऱ्या दोन विद्यार्थिनी होत्या. एकीने खांदे उडवले. दुसरी म्हणाली, मला जाणवत नाही. ती आठवड्यातून सहा तास यायची, तिला काय कप्पाळ जाणवणार. मग शेफ माझ्याकडे वळला. छान हसला.

"आणि तुम्हाला? तुम्हाला संगीताचा त्रास होतो?"

आणि मी, उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"नाही, नाही, अजिबात नाही. छान आहे."

ही भीती होती असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगितलं. प्रोबेत्साइटची भीती. ती होतीच. पण खरं सांगायचं तर ते वाक्य भीतीच्याही आधी तोंडातून निघालं. आपल्याला लहानपणापासून हेच वळण. पाहुणे म्हणून गेलात, यजमानाने विचारलं, उकडत नाही ना? घामाच्या धारा लागलेल्या असल्या तरी आपण म्हणतो, छे हो, अजिबात नाही, छान वारा येतोय. चहात साखर पडली नसली तरी चहा फक्कड झालेला असतो. आणि आपला यजमानही पक्का असतो. तो ऐकतो आणि उठून पंखा लावतोच. आपल्या नाहीला कुणी नाही समजत नाही. दोनदा नाही म्हटल्यावर तिसऱ्यांदा विचारतात आणि चौथ्यांदा वाढूनच टाकतात. मी त्या माणसाला यजमान समजले. मी नवी, दुकान त्याचं, त्याने हसून विचारलं, मी मान राखला.

इथे चौथ्यांदा कुणी विचारत नाही. दुसऱ्यांदाही नाही. त्याने खाली मान घातली आणि टाइप केलं. बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. रागाने नाही. जरा गोंधळून, चष्मा पुसायला हवा असं वाटल्यासारखं. मग त्यांनी आपल्या अर्जाची प्रत दुमडून खिशात ठेवली आणि साडेनऊ झाले म्हणून दार उघडायला गेल्या.

दोन दिवसांनी प्रोटोकोल सहीला आला. त्यात लिहिलं होतं, नवीन सहकारी महिलेला संगीत सुखद वाटतं. सुखद! मी सुखद म्हटलं नव्हतं. पण सगळ्यांनी सह्या केल्या होत्या, मीही केली. वर्गात मुलांना मी कानीकपाळी ओरडून सांगायचे की वाचल्याशिवाय सही करू नका. इथे मी वाचून केली, म्हणजे त्याहून थोर.

मला वाटलं बाईंना कळलं असेल. पुण्यात कुठल्याही बाईला कळलं असतं की ही सासुरवाशिणीसारखी तोंड दाबून बोलतेय, हिच्या नाहीला काही अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासाठी डबाभर शंकरपाळे नेले. आपल्याकडे चुकलं की माफी मागत नाहीत, डबा देतात. घेणारी काय ते समजते. बाईंनी चवीने खाल्ले, खूप छान झालेत म्हणाल्या, कृती लिहून घेतली, त्यासाठी फोन नंबरही घेतला. डब्यात माफी होती हे त्यांच्या गावीही नव्हतं. आणि मी मूर्ख, आता आमचं मिटलं असं समजून कामाला लागले.

पुढे काय झालं ते सरळ सांगते. बाई कानात पिवळे बोळे घालायला लागल्या. एका गिऱ्हाइकाने तक्रार केली की इथली बाई हाक मारली तरी बघत नाही. शेफने बोळे घालायला मनाई केली. त्या चार दिवस तशाच उभ्या राहिल्या, पाचव्या दिवशी पुन्हा घातले. मग त्यांना आबमानुंग मिळाली, म्हणजे लेखी ताकीद, जी फायलीत कायमची बसते. बावीस वर्षांत पहिली. त्या आजारी रजेवर गेल्या. परत आल्या तेव्हा गल्ल्यावर उभ्या राहायला घाबरायला लागल्या होत्या. गाणं बदललं की दचकायच्या. मी मुकाट कप गुंडाळत होते. दोन्ही विद्यार्थिनी मुकाट. अळीमिळी गुपचिळी. शेवटी शेफने सांगितलं की तुमच्या तब्येतीचा विचार करून तुमची बदली गोदामात केली आहे, तिथे संगीत नाही. गोदाम तास-सव्वातासावर, काम खोकी उचलण्याचं, आणि बाईंचे गुडघे काय आहेत ते त्याला माहीत होतं. बाईंनी नोकरी सोडायच्या कागदावर सही केली. पेन्शनला अजून सव्वा वर्ष होतं. माझ्या सुट्टीच्या दिवशी येऊन त्यांनी आपलं कपाट रिकामं केलं. दार त्या दिवशी कुणी बंद केलं, मी विचारलं नाही.

माझी प्रोबेत्साइट त्याच महिन्यात संपली. शेफने हात मिळवून अभिनंदन केलं. तुम्ही किती उनकॉम्प्लित्सीर्ट आहात, म्हणाला. म्हणजे बिनभानगडीच्या. घरी नवऱ्याने पेढे करायचे का विचारलं. मी म्हटलं, करा, आणि त्यावर व्हॅनिलाची मेणबत्ती लावा. त्याला कळलं नाही मी का चिडले.

नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळची गाणी लागली. त्याबद्दल काही बोलत नाही. ज्याने इथे दुकानात नाताळ काढलाय त्याला सांगायला नको आणि ज्याने काढला नाही त्याला सांगून उपयोग नाही.

आणि जानेवारीत दारावर एक गोल स्टिकर लागला. कानाचं चित्र, तोंडावर बोट. दर मंगळवारी दोन ते चार शांत वेळ. ज्या ग्राहकांना गोंगाट सहन होत नाही त्यांच्यासाठी गाणं बंद, दिवे मंद. आता या ग्राहकांबद्दल माझी काडीची तक्रार नाही. त्यांना शांतता मिळायलाच हवी. पण पहिल्या मंगळवारी दोनला शेफ मागच्या खोलीत गेला, त्याने ते लोखंडी कपाट उघडलं आणि एक बटण दाबलं. मी दारात उभी राहून पाहिलं. एक बटण. त्याला अंगठ्याचाही जोर लावावा लागला नाही.

मग दुकान गप्प झालं. मला मॉलचा सरकता जिना ऐकू आला. कागदाचा आवाज ऐकू आला. एक आजोबा आणि त्यांचा तरुण मुलगा आला, मुलगा कान झाकून आला होता, त्याने आत आल्यावर हात खाली घेतले. आजोबा अगदी हळू आवाजात बोलत होते, बोलीही इथलीच, हेसची, आणि मला त्यांचा शब्द न् शब्द कळला. एकदाही काय म्हणालात म्हणावं लागलं नाही. ते गेल्यावर मी खोट्या झाडांच्या मागे जाऊन रडले. दुःखाने नाही, संतापाने. बाईंनी याच्या निम्मंसुद्धा मागितलं नव्हतं. तेव्हा ते तांत्रिकदृष्ट्या शक्य नव्हतं. आणि ते शक्य नाही म्हणणाऱ्याच्या हातात कागद कुणी दिला होता? मी. नवीन सहकारी महिलेला सुखद वाटतं.

नवऱ्याला म्हटलं, मी पुढच्या बैठकीत बोलणार आहे. तो म्हणाला, आता बोलून काय होणार, त्या तर गेल्या. मग स्वतःच म्हणाला, बोल. एवढं मात्र त्याचं कौतुक. दोन दिवस मी वाक्य आरशासमोर घोकलं. मुलीने व्याकरण तपासलं. एक शब्द बदलून दिला आणि विचारलं, मामा, हे खरंच म्हणणार आहेस? मी हो म्हटलं.

बैठकीत सगळे विषय संपले, शेफने नेहमीप्रमाणे विचारलं, आणखी काही?

"माझं मागच्या वर्षीच्या प्रोटोकोलमधलं वाक्य खोटं आहे," मी म्हटलं. "मला तेव्हाही त्रास होत होता. पहिल्या दुपारपासून. कृपया असं लिहा."

तो म्हणाला, तो प्रोटोकोल बंद झाला, त्यात बदल करता येत नाही. मी म्हटलं, मग आजच्यात लिहा. तो म्हणाला, याचा आता उपयोग काय. मी म्हटलं, उपयोग नसला तरी लिहा. माझा आवाज चढला होता, पण त्या दिवशी तो मुद्दाम चढवलेला होता. तेवढ्यात ती खांदे उडवणारी मुलगी म्हणाली, माझंही लिहा, मी घरी गेल्यावर तासभर कुणाशी बोलू शकत नाही. दुसरी म्हणाली, माझंही. शेफने सगळ्यांकडे पाहिलं आणि टाइप केलं. तीन आठवड्यांनी मुख्य कार्यालयाचं उत्तर आलं. दुकान उघडायच्या आधी गाणं बंद, आणि गल्ल्यावरचा स्पीकर हळू. अक्षरशः बाईंनी मागितलं होतं तेच. दोन्ही विद्यार्थिनींनी टाळ्या वाजवल्या. माझ्याच्याने टाळी वाजवली गेली नाही.

प्रोटोकोलच्या त्या पानाची प्रत काढून मी बाईंना निरोप पाठवला, भेटू का. उत्तर आलं, शनिवारी तीन वाजता. शेजारच्याच गावात राहतात. तीनला दोन मिनिटं कमी असताना मी घंटा वाजवली. त्यांनी प्लमचा केक केला होता, कॉफी गाळून ठेवली होती. घरात रेडिओसुद्धा नव्हता. मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावून वाचला, मग पुन्हा वाचला.

"पहिल्या दुपारपासून?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली, मग इथली रीत आठवून तोंडाने हो म्हटलं.

मग त्या सावकाश बोलल्या. त्या बैठकीनंतर त्या कानाच्या डॉक्टरकडे परत गेल्या होत्या. त्याने तपासलं आणि सांगितलं, कान होते तसेच आहेत, वाढलेलं काही नाही. तेव्हा त्यांनी स्वतःच चिठ्ठी मागून घेतली, डोक्याच्या डॉक्टरकडे जाण्यासाठी. त्याने गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप यायची आणि गल्ल्यावर चुका व्हायच्या. गोदामाचं पत्र आलं तेव्हा भांडायची ताकद होती, पण आपलंच डोकं बिघडलंय म्हटल्यावर भांडायचं कशावर.

"तू नवीन होतीस," त्या म्हणाल्या. "तुझे कान ताजे. तुला छान वाटतं म्हणालीस, तर दोष माझ्यातच असणार असं मी धरलं. मी तुझ्यावर विश्वास ठेवला."

मी माफी मागितली. जर्मनमध्ये, पूर्ण वाक्यात, डब्याशिवाय. आणि मग मी थांबले. जाऊ दे गं, तुझी काय चूक, असं त्या म्हणतील म्हणून थांबले. आपल्याकडे कुणीही म्हटलं असतं, मनात नसलं तरी म्हटलं असतं. त्यांनी माझ्या कपात कॉफी ओतली. शेवटी मला राहवेना.

"तुम्ही माझ्यावर रागावला आहात का?"

"हो," बाई म्हणाल्या. "अजून आहे राग."

मग त्यांनी केकचा आणखी एक तुकडा कापला आणि माझ्या ताटलीत ठेवला. मी तो सगळा खाल्ला.